मार्डेल : पाण्याखालचें एक खोरें

लंडनहून मँचेस्टरला आल्यावर घरांतील बायकांच्या ध्यानांत जी गोष्ट पहिल्याच दिवशीं येते, ती पुरुषांच्या वर्षभरांतहि येत नाहीं. लंडनच्या किटलीला चार दिवसांत आंतून पांढरी खपली धरते, साबणाला फेंस येत नाहीं, आणि तुरीची डाळ शिजतां शिजत नाहीं. मँचेस्टरच्या नळाला मात्र अगदीं मऊ पाणी येतें. आमचे एक आप्त नोकरीनिमित्त तेथें बिऱ्हाड करून आहेत. त्यांजकडे आम्ही उभयतां कांहीं दिवस होतों, तेव्हां आमच्या सौभाग्यवतींनीं वरणभाताच्या पहिल्याच घासाला विचारलें, "हें पाणी कुठल्या नदीचें हो?" प्रश्न साधा होता, पण घरांत कोणालाच उत्तर देतां येईना. तें शोधतां शोधतां आम्ही ज्या खोऱ्यांत जाऊन पोंचलों, त्याची हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यांत सरोवरांचा जो प्रदेश आहे, त्याचें नांव वर्डस्वर्थ कवीमुळें आपल्याकडील शिकल्यासवरल्या घरांना अपरिचित नाहीं. पूर्वी यांतील कांहीं भाग वेस्टमोरलंड परगण्यांत मोडे. १९७४ पासून तो कम्ब्रिया परगण्यांत गेला. प्रवाशांची झुंबड बहुधा विंडरमिअर व ग्रासमिअर या बाजूला असते. पूर्वेच्या कडेला हॉजवॉटर नांवाचें सरोवर आहे, तिकडे वळणारे थोडे. पाण्याच्या कडेकडेनें एक अरुंद रस्ता जातो आणि खोऱ्याच्या टोंकाशीं येऊन संपतो, पुढें पायवाटच. तिन्ही बाजूंनीं उघडेबोडके, नेच्यांनीं तांबूस झालेले डोंगर आहेत. पश्चिमेचा कडा सत्तावीसशें फुटांच्या वर उंच आहे, आणि त्याच्या माथ्यावरून रोमन लोकांनीं बांधलेली सडक गेली, म्हणून त्या डोंगराचें नांवच 'हाय स्ट्रीट' पडलें आहे! रस्त्याच्या या टोंकाशीं एकहि घर नाहीं. वाऱ्याचा आवाज, ओढ्याचा आवाज आणि मधूनच एखाद्या मेंढीचें ओरडणें, एवढेंच काय तें कानीं पडतें.

पण आमचें लक्ष वेधलें तें दगडी कुंपणांनीं. डोंगरउतारावरून शेताचे गडगे खालीं येतात. दगडावर दगड, चुन्यावांचून रचलेले. आणि पाण्याशीं येऊन थांबत नाहींत. सरळ पाण्यांत शिरतात.

या पाण्याखालीं मार्डेल नांवाचें गांव होतें. गांव म्हणजे आपल्या कोंकणांतील एखाद्या लहान वाडीएवढें. कांहीं शेतकऱ्यांचीं घरें, 'डन बुल' नांवाची एक खाणावळ, आणि यू वृक्षांच्या सावलींत उभें असलेलें एक चिमुकलें चर्च. होल्म नांवाचें एक घराणें येथें पिढ्यान् पिढ्या नांदत होतें. त्यांचा मूळपुरुष १२०९ सालीं जॉन राजाविरुद्धच्या कटांत सांपडून येथें लपावयास आला आणि परत गेलाच नाहीं, अशी दंतकथा आहे. दंतकथेचें खरेंखोटें कोणीं करावें? परंतु त्या घराण्याच्या कर्त्या पुरुषाला लोक 'मार्डेलचा राजा' म्हणत. या राजवंशांतला शेवटचा पुरुष १८८५ सालीं निवर्तला.

गांवाला चर्च असलें तरी फार काळ दफनभूमि नव्हती. कोणी वारलें म्हणजे प्रेत घोड्याच्या पाठीवर बांधून, डोंगर ओलांडून, शॅप गांवीं न्यावें लागे. त्या वाटेला अजूनहि 'प्रेतांची वाट' म्हणतात. ती चढतांना आमचा जीव मेटाकुटीस आला, मग बर्फांत ओझें घेऊन जाणाऱ्यांचें काय होत असेल! पुढें गांवांतच पुरण्याची परवानगी मिळाली आणि १७३६ नंतर त्या वाटेनें कोणी गेलें नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

येथील खरें धन म्हणजे मेंढ्या. डोंगरावर कुंपण नाहीं, गुराखी नाहीं; तरी प्रत्येक कळप आपापल्या शिंवेंत चरतो. ही शींव मेंढीला कोणी शिकवीत नाहीं. ती आईच्या मागें हिंडतां हिंडतां कोंकराला कळते, आणि पुढें तें कोंकरूं आपल्या पिलाला दाखवितें. म्हणून कितीएक ठिकाणीं शेत विकलें तरी कळप विकत नाहींत; तो जमिनीबरोबरच राहतो. ज्यांच्या घरांत सुना सासूमागून वावरतां वावरतां कुळाचार शिकतात, त्यांना याचें नवल वाटूं नये. तरीहि चुकार मेंढ्या असतातच. त्यांची अदलाबदल करावयास आसपासचे धनगर नोव्हेंबरांत 'डन बुल'मध्यें जमत. कानाच्या खुणा पाहून ज्याची त्याला मेंढी देत, आणि मग जेवण, गाणीं, शिकार यांत दिवस घालवीत. मेंढ्या मोजण्याची या प्रदेशाची जुनी रीत तर मोठी गमतीची. 'यान, तान, तेथेरा' असें म्हणत मोजावयाचें. पांचाला म्हणावयाचें 'पिंप' आणि दहाला 'डिक'. हे शब्द इंग्रजी नव्हत, जुन्या केल्टिक भाषेच्या कुळांतले आहेत. आणि त्या 'पिंप'चें व आपल्या 'पंच'चें, 'डिक'चें व 'दश'चें मूळ एकच!

आतां मँचेस्टरकडे वळूं. कापसाच्या गिरण्यांनीं हें शहर एका शतकांत वाढलें, आणि त्याची तहान गिरण्यांपेक्षांहि झपाट्यानें वाढली. याच प्रदेशांतील थर्लमिअर सरोवर शहरानें आधींच मिळविलें होतें. त्या वेळीं रस्किनसारख्यांनीं जोराचा विरोध केला, तरी १८७९ सालीं पार्लमेंटनें कायदा केला आणि १८९४ सालीं तेथील पाणी शहरांत पोंचलें. तेंहि पुरेना, तेव्हां १९१९ सालीं हॉजवॉटरचा कायदा झाला. काम सुरू व्हावयास दहा वर्षें लागलीं. पंधराशें फुटांहून लांब धरण उभें राहिलें, सरोवराची पातळी सुमारें पंचाण्णव फूट चढावयाची ठरली, आणि मार्डेलवर वरवंटा फिरला.

याच सुमारास, १९२१ सालीं, आपल्याकडे मुळशी पेट्यांतील मावळे सेनापति बापटांच्या मागें उभे राहिले होते. तेथें मुंबईला वीज हवी होती, येथें मँचेस्टरला पाणी हवें होतें. मावळ्यांनीं तुरुंग पत्करला. मार्डेलकरांनीं तसें कांहीं केलें नाहीं. कायदा झाला, सामान बांधलें, गेले. दोहोंकडे पाणी मात्र चढलेंच. मँचेस्टरच्या मजुराच्या पोराला स्वच्छ पाणी मिळूं नये असें आम्ही म्हणणार नाहीं. गढूळ पाण्यानें मुलें दगावतात हें आपल्या देशांत कोणास सांगावयास नको. पण ज्यांचें घर गेलें त्यांचें गाऱ्हाणें त्यामुळें खोटें ठरत नाहीं, आणि हा हिशेब कोणाच्याहि वहींत बरोबर जुळलेला आम्ही पाहिला नाहीं.

१८ ऑगस्ट १९३५ रोजीं मार्डेलच्या चर्चमध्यें शेवटची प्रार्थना झाली. कार्लाइलच्या बिशपांनीं ती चालविली. आंत पाऊणशेंच्या आसपास माणसें मावलीं. बाकीचीं शेंकडों माणसें बाहेर डोंगरावर बसून ध्वनिक्षेपकांवर ऐकत होतीं. त्यापूर्वीच दफनभूमींतील सत्त्याण्णव देह उकरून काढून शॅप गांवीं नेऊन पुन्हां पुरले होते. दोनशें वर्षांपूर्वीं ज्या गांवीं प्रेतें नेण्याचें थांबलें, त्याच गांवीं पुन्हां सारे पूर्वज गेले. आपण देह अग्नीला देतों, त्यामुळें हें दुःख आपल्याला चटकन् उमगत नाहीं. परंतु देवघर हलवितांना म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जें दिसतें, तें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना थोडें उमगेल. पुढें सैन्यांतील एंजिनिअरांनीं सरावादाखल सुरुंग लावून घरें पाडलीं. चर्चचे दगड व खिडक्या मात्र वायां गेल्या नाहींत. काठावर पाणी उचलण्याचा जो बुरूज आहे, त्याच्या बांधकामांत त्या वापरल्या आहेत.

१९४१ सालीं या सरोवराचें पाणी मँचेस्टरला पोंचलें. सुमारें सत्तर मैलांची मोठी जलवाहिनी १९५५ सालीं पुरी झाली. तिच्यांतून पाणी केवळ उतारानें वाहत जातें. बुडालेल्या खाणावळीच्या बदल्यांत नगरपालिकेनें १९३७ सालीं काठावर एक होटेल बांधलें. आम्ही तेथें चहा घेतला. चहा उत्तम होता, हें कबूल केलें पाहिजे.

माणसें गेल्यावर खोऱ्यांत एक वेगळीच वस्ती झाली. १९६९ पासून रिगिंडेलच्या कड्यावर सोनेरी गरुडाचें जोडपें घरटें करूं लागलें. पुढें साऱ्या इंग्लंडांत गरुडाचें घरटें तेवढेंच उरलें. २००४ सालीं मादी नाहींशी झाली. त्यानंतर अकरा वर्षें नर एकटाच दर वसंतांत आकाशांत उंच चढून, पंख मिटून खालीं झेपावत, जोडीदारणीला बोलावीत राहिला. २०१५ नंतर तोहि कोणास दिसला नाहीं. शेजारच्या स्विंडेल खोऱ्यांत मात्र कांहीं बरें घडलें आहे. पूर्वीच्या लोकांनीं सरळ केलेला तेथील ओढा २०१६ सालीं पक्षिरक्षण करणाऱ्या मंडळीनें पुन्हां नागमोडी करून दिला, आणि कांहीं महिन्यांतच सामन मासे त्यांत अंडीं घालावयास आले.

ज्या वर्षीं पाऊस ओढ देतो, त्या वर्षीं मार्डेल वर येतें. १९८४, १९९५, २०२१ या सालीं असेंच झालें. गडगे, रस्त्याची रेघ, आणि ओढ्यावरचा लहानसा दगडी पूल चिखलांतून डोकें काढतात. मग दुरून दुरून लोक येऊन त्या पुलावरून चालून जातात. आम्ही गेलों तेव्हां सरोवर तुडुंब भरलेलें होतें. पूल कोठें असावा तें एका वाटसरूनें आम्हांला काठीनें दाखविलें. पाण्याच्या कडेशीं एक मेंढी आपल्या कोंकरासह गडग्याच्या आधारानें उतरत आली, जेथें गडगा पाण्यांत शिरतो तेथें क्षणभर थांबली, आणि वळून वर चढूं लागली. कोंकरूं तिच्या मागोमाग गेलें.