गार्डच्या डब्यातली सायकल

सायकलीचं डावं पेडल उलट्या आट्याचं असतं. हे ठाऊक नसलं की माणूस पान्याला लटकतो आणि पेडल आणखी घट्ट बसतं. दोन्ही बाजूंना एकच नियम: पाना उभा लावायचा आणि मागच्या चाकाकडे ओढायचा. पेडलं निघाली की हँडल सैल करून फ्रेमला समांतर वळवायचं, गिअरच्या बाजूला गोणपाट गुंडाळायचं, सुतळीनं आवळायचं. जळगाव स्टेशनच्या पार्सल ऑफिसपाशी हे चाललं की बघे जमतातच. ‘सायकल लिसन कथा चालना भाऊ?’ ‘धुळे’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: एस.टी. सोडून रेल्वेनं?

खिडकीवर एक गोष्ट स्पष्ट सांगायची: लगेज करा, पार्सल नको. लगेज म्हणजे तुमच्या तिकिटावर, तुमच्याच गाडीतून येणारं सामान. पार्सल जागा मिळेल तसं पुढं-मागं होतं. काट्यावर वजन होतं, पावती मिळते. नाव, कुठून-कुठे आणि पावतीचा नंबर लिहिलेले पुठ्ठे मी दोन बांधतो, एक दांडीला, एक सीटखाली. चढ-उतारात एखादा फाटतोच.

खरी कसोटी चाळीसगावला, जिथं धुळ्यासाठी गाडी बदलायची. गाडी थांबते जेमतेम, आणि ब्रेकव्हॅन, म्हणजे गार्डचा डबा, असते गाडीच्या टोकाला. त्यामुळे मी आरक्षणाच्या फंदात न पडता तिच्या लगतच्या जनरल डब्यात बसतो. पाचोरा, नगरदेवळा, कजगाव मागे पडलं की दाराशी उभं राहायचं. 2022 पासून गार्डला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात. हमालांच्या तोंडी अजून गार्डच. त्यांना आधीच सांगून ठेवलं असेल तर सायकल खाली येते, नाही तर मनमाडपर्यंत तिची सोबत करायची तयारी ठेवावी.

चाळीसगावला धुळ्याच्या गाडीला वेळ असला तर स्टेशनजवळच छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, आता कलादालन. टेबलावर काड्या-दगड-कापूस मांडून हिमाच्छादित डोंगराचा भास निर्माण करणारा हा माणूस 1989 मध्ये गेला. आयुष्याची अनेक दशकं त्यानं घराबाहेर जवळजवळ पाऊलच टाकलं नव्हतं. मुंबईहून येणाऱ्या प्रेयसीसाठी तो रोज मेलच्या वेळी दार उघडून बसे, असं गाव सांगतं. दंतकथेपेक्षा मला त्याची टेबलावरची फोटोग्राफी जास्त विलक्षण वाटते.

धुळ्याचा फाटा 1900 सालचा, सुमारे छप्पन्न किलोमीटरचा. या गाडीसाठी मी स्टेशनवर आधी विचारून घेतो, पुढचं चाकही काढतो आणि सगळं चादरीत बांधून दाराजवळच्या कोपऱ्यात उभं करतो. शनिवारी दुपारी हे जमतं. सोमवारी सकाळी करू पाहणाऱ्यानं प्रवाशांच्या शिव्या खायची तयारी ठेवावी. जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर. बाहेर कपाशी, मधेच मक्याची कणसं वाळत घातलेली खळी.

आणि मग धुळे, जिथं रूळ संपतात. ‘पुढं गाडीच जात नाही’ ही धुळेकरांची जुनी तक्रार, आणि रास्तच; मनमाड–इंदूर मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळायला सप्टेंबर 2024 उजाडलं. सायकलवाल्याला मात्र शेवटचं स्टेशन म्हणजे चैन. कोणी शिट्टी वाजवत नाही, हिरवा झेंडा नाही. फलाटावर निवांत चाक बसवायचं, ब्रेक तपासायचे, पेडलं हातानं दोन-तीन आटे फिरवून मगच पाना लावायचा.

जुनं धुळं तर सायकलीसाठीच आखल्यासारखं आहे. 1818 नंतर खानदेशाचा कारभार पाहायला आलेल्या कॅप्टन ब्रिग्जनं इथं सरळ रस्त्यांची वसाहत वसवली. गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत: चार नंबर, पाच नंबर, सहा नंबर. काटकोनात वळत राहिलं की वाट चुकणं अवघड. इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या अखेरीस याच गावात वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ पुढच्याच वर्षी उभं राहिलं. नानासाहेब देवांनी जमवलेली रामदासी हस्तलिखितं समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. दोन्हीकडे वेळ आधी विचारूनच जावं. संध्याकाळी पांझरा ओलांडून देवपूर, एकवीरा देवी. आग्रा रोडला मात्र सायकल घालू नये. लळिंगचा किल्ला दहाच किलोमीटरवर असला तरी महामार्गावरचे ट्रक सुट्टीचा मूड ठेवत नाहीत. मी रिक्षानं जातो.

रात्री शेवभाजी. तर्री कमी टाका म्हटलं तर मालक ऐकून घेतो, टाकतो तेवढीच. सोबत कळण्याची भाकरी मिळाली तर दुसरं काही मागवू नये. रविवारी परतताना पेडलं पुन्हा काढायची असतात, तेव्हा पाना सॅकच्या वरच्या कप्प्यातच ठेवावा.