डाळिंबाचा न दिसणारा वैरी

दोस्तांनो, आपल्या मालेगाव-सटाण्याकडे ‘तेल्या’ म्हटलं की डाळिंबवाल्या शेतकऱ्याच्या पोटात गोळाच येतो. फळावर तेलकट डाग पडतात, मग फळ तडकतं. या रोगापायी कित्येकांनी बागाच उपटून टाकल्या! करतो कोण हे? झॅन्थोमोनास नावाचा जिवाणू. असे हजार एका ओळीत उभे केले, तरी रांग जेमतेम मिलिमीटरभर! पावसाच्या शिंतोड्यांबरोबर आणि छाटणीच्या कात्रीवरूनही तो झाडाझाडांवर पोचतो. म्हणून कात्री औषधात बुडवायची, रोगट फळं-पानं वेचून जाळायची. सोलापूरला २००५ पासून खास डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. शास्त्रज्ञ आता जिवाणूवर जिवाणूच सोडून पाहताहेत. बॅसिलस हा त्यातला एक. घरी बाग असेल, तर छाटणीआधी कात्री कशात बुडवतात, विचारा बरं!