ट्रेडमिलवरचा वेग आणि आपली नाडी

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आपल्या जिल्ह्यातील तरुण मुले-मुली पहाटेच धावू लागतात. शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. वाशिम, कारंजा, रिसोड यांसारख्या गावांतील व्यायामशाळांत आता ट्रेडमिलही आले आहे. त्यावर भरतीची तयारी करणारा मुलगा असतो आणि शेजारच्या पट्ट्यावर डॉक्टरांनी "रोज चालत जा" असे बजावलेले पन्नाशीचे गृहस्थ असतात. दोघांचेही लक्ष यंत्रावरील वेगाच्या आकड्याकडे. शेजाऱ्याचा वेग ८ असेल तर आपला ९ हवा, ही चढाओढ सर्वत्र दिसते. परंतु एकाच वेगाने दोन माणसांच्या हृदयावर पडणारा ताण सारखा नसतो. तो ताण सांगणारे साधन प्रत्येकाच्या मनगटातच आहे, ते म्हणजे नाडी.

प्रथम विश्रांतीतील नाडी मोजावी. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. असे तीन-चार दिवस करून सरासरी काढावी. हृदयाचे कमाल ठोके काढण्याची सोपी रीत म्हणजे २२० मधून वय वजा करणे. कमाल ठोक्यांतून विश्रांतीतील ठोके वजा केले म्हणजे उरते ती आपली 'शिल्लक'. या शिलकीचा ठरावीक भाग विश्रांतीच्या ठोक्यांत मिळवला की लक्ष्य मिळते. ही पद्धत फिनलंडचे शास्त्रज्ञ कार्व्होनेन यांच्या १९५७ मधील संशोधनावर आधारलेली आहे.

उदाहरणच घेऊ. मुलगा २२ वर्षांचा, विश्रांतीतील नाडी ७०. कमाल १९८, शिल्लक १२८. शिलकीच्या ५० ते ७० टक्के म्हणजे ६४ ते ९० ठोके. त्यात ७० मिळवले की लक्ष्य १३४ ते १६०. आता गृहस्थ ५५ वर्षांचे, नाडी ७८. कमाल १६५, शिल्लक ८७. सुरुवातीला ४० ते ६० टक्के पुरे. म्हणून लक्ष्य ११३ ते १३०. पट्ट्यावर मिनिटभर मोजत बसता येत नाही. वेग कमी करून १५ सेकंद मोजावे व चारने गुणावे. यंत्राच्या दांड्यावरील धातूची पट्टी धरून दिसणारा आकडा धावताना बरेचदा चुकतो.

हा हिशेब म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांत १०-१२ चा, कधी त्याहूनही अधिक फरक असतो. २००१ मध्ये तानाका व सहकाऱ्यांनी २०८ मधून वयाचे ०.७ पट वजा करण्याचे सूत्र दिले. त्याने ५५ वर्षांच्या माणसाचे कमाल ठोके १६५ ऐवजी १६९ ते १७० येतात. म्हणून आकड्यासोबत बोलण्याची कसोटी ठेवावी. चालताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर दम लागत असेल तर आकडा काहीही असो, वेग कमी करावा. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या बीपीच्या गोळ्या ठोके मुळातच रोखून धरतात. अशांना वरचे गणित लागूच पडत नाही. त्यांनी मर्यादा डॉक्टरांकडूनच घ्यावी. मधुमेह, रक्तदाब किंवा छातीत दुखण्याचा पूर्वेतिहास असणाऱ्यांनी तपासणीशिवाय पट्ट्यावर चढू नये.

पहिली ५ ते १० मिनिटे ताशी ३-४ किलोमीटरने चालावे. मग लक्ष्य गाठेपर्यंत वेग हळूहळू वाढवावा. गुडघे दुखत असतील तर वेगाऐवजी थोडा चढ द्यावा. नाडी तेवढीच वाढते. पहिल्या आठवड्यात १५-२० मिनिटे, आठवड्यातून चार दिवस पुरेत; पुढे दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. भरतीच्या मुलांनी महिना-दीड महिना असा पाया घातल्यावरच आठवड्यातून एक-दोन दिवस जोराच्या फेऱ्या घ्याव्यात, आणि त्याही शक्यतो मैदानावर, कारण परीक्षा तिथेच आहे. दांडा धरून चालल्यास श्रम कमी होतात आणि मेहनत मात्र झाल्यासारखी वाटते. लाल दोरीची चिमटी कपड्याला लावावी. तोल गेला तर ती सुटून पट्टा थांबतो. शेवटी एकदम उतरू नये. पायांत रक्त साचून भोवळ येते. पाच मिनिटे सावकाश चालावे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत त्याच वेगाला ठोके वाढतात, तेव्हा वेग उतरवावा, हट्ट धरू नये.

आता विदर्भातील, विशेषतः आपल्या समाजातील, एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. सिकलसेलचा गुणधर्म आदिवासी बांधवांप्रमाणे आपल्याकडेही बऱ्याच घरांत आढळतो. केवळ वाहक असणे हा आजार नव्हे, वाहकाने व्यायाम जरूर करावा. पण ऊन, कमी पाणी आणि सवय नसताना एकदम लावलेला जोर एकत्र आले की वाहकाच्या स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. अमेरिकी सैन्यातील नवभरती जवानांविषयी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाहकांमध्ये आकस्मिक मृत्यूंचे प्रमाण बरेच अधिक दिसले. पुढे तेथे पाणी, विश्रांती व उन्हाचे नियम काटेकोर झाले. कृष्णवर्णीय सैनिकांच्या २०१६ मधील मोठ्या अभ्यासात वाहकांचे मृत्यू अधिक आढळले नाहीत. स्नायू झिजण्याचा धोका मात्र सुमारे दीडपट होता. यात नाडीच्या आकड्यावर विसंबता येत नाही. पाय अचानक जड व कमजोर होणे, मांड्या-कंबर दुखणे ही खूण दिसताच थांबावे, सावलीत बसून पाणी प्यावे, आणि त्रास न ओसरल्यास किंवा लघवी गडद झाल्यास त्वरित रुग्णालयात जावे.

या रक्ततपासणीला फार काही लागत नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात महाराष्ट्राचा समावेश आहे. भरतीचा अर्ज भरण्याच्या आठवड्यातच मुलांनी सरकारी दवाखान्यात सिकलसेल व हिमोग्लोबिन ही दोन्ही तपासून घ्यावीत. हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुलींचे ठोके थोड्या श्रमानेही भराभर वाढतात, आणि त्यांना 'दमच नाही' म्हणून घरी बसवले जाते.