वेदगंगेच्या खालच्या अंगाला

पावसाळा लागला की यमगर्णीच्या पुलाजवळ वेदगंगेचं पाणी कुठवर चढलंय, हा निपाणीत घरोघरचा प्रश्न असतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये इथला महामार्ग पाण्यानं बंद पाडला. हे पाणी येतं भुदरगडाकडून, गारगोटी-मुरगूड ओलांडून. धरणातून विसर्ग सुटतो महाराष्ट्रात आणि मळीतला ऊस कुजतो कर्नाटकात. म्हणून सीमाभागातल्या जलविद्युतीचा मागोवा मला नदीच्या खालच्या अंगानं घ्यावासा वाटतो.

सुरुवात गोकाकची. 1887 साली तिथली गिरणी घटप्रभेच्या धबधब्याच्या जोरावर फिरू लागली. सुमारे 170 फुटांची उडी निसर्गानंच दिलेली, त्यामुळे मोठं बुडीत करावं लागलं नाही. पाण्याची ताकद फुकट मिळते, ही समजूत या मुलखात तिथूनच रुजली असावी. ती तुटायला ऐंशी वर्षं लागली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयना हादरली, दीडशेवर माणसं गेली, आणि भरलेल्या जलाशयाचा भूकंपाशी संबंध असू शकतो का, हे जगभरचे शास्त्रज्ञ कोयनेकडे बोट दाखवून तपासू लागले.

त्याच घटप्रभेवर पुढं हिडकल झालं. 51 टीएमसीचं हे धरण 1970 च्या दशकात पूर्ण झालं आणि नंतर त्याच्या पायथ्याला 32 मेगावॉटची वीज आली. बेळगाव शहर आज हिडकलचं पाणी पितं. त्या उपकाराबद्दल कृतज्ञ असायलाच हवं. पण उन्हाळ्यात जलाशय ओसरला की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर पाण्यातून वर येतं आणि लोक चिखल तुडवत दर्शनाला जातात. गाव उठलं, देव तिथंच राहिला. धरणग्रस्ताला जमिनीचे पैसे मिळाले असतील, पण देवाची, गावठाणाची, शेजाराची किंमत धरणाच्या अंदाजपत्रकात कधी धरलीच गेली नाही.

खानापूरच्या पलीकडे काळी नदीवर सुप्याचं झालं ते याहून मोठं. 101 मीटर उंचीच्या धरणामागं सुपा हे तालुक्याचं गावच बुडालं. कचेऱ्या जोयड्याला गेल्या, अनेक कुटुंबं रामनगरला वसली. बेळगावहून गोव्याला जाताना चहाला थांबतो ते रामनगर विस्थापितांचं गाव आहे, हे किती जणांना ठाऊक असतं? काळीच्या विजेनं राज्याचे कारखाने चालले. जंगल मात्र तुकड्या-तुकड्यांत उरलं. 2002 च्या सुमारास कर्नाटकातले हत्ती चंदगड आणि तिलारी खोऱ्यात उतरले ते आजतागायत तिथल्या केळी-नारळात आहेत. त्याचा दोष एकट्या धरणांवर टाकता येणार नाही. खाणी, रस्ते, शेतीचा विस्तार हेही आहेच. पण जंगल तुटलं की हत्ती चालू लागतो, आणि त्याला राज्याची हद्द कळत नाही.

कायदा फार उशिरा आला. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास 1994 च्या अधिसूचनेनं बंधनकारक झाला, 2006 च्या अधिसूचनेनं त्याची नवी घडी बसवली. हिडकल आणि सुप्याचं पाणी तोवर कधीच भरलेलं. शिवाय जनसुनावणी होते ती प्रकल्प ज्या जिल्ह्यात असेल तिथं. नदी पुढं ज्या जिल्ह्यातून जाते त्याला आवतण नसतं. लेखी हरकत घेता येते, पण सुनावणीला समोर उभं राहून विचारलेल्या प्रश्नाची धार त्या कागदाला कुठून येणार?

ही उणीव आता प्रत्यक्ष भेडसावते आहे. वेदगंगेच्या उगमाकडं, पावणेचार टीएमसीच्या पाटगाव धरणाजवळ, 2100 मेगावॉटचा खासगी पंप्ड स्टोरेज प्रकल्प योजला आहे. वीज स्वस्त असताना पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची, ही त्याची रीत. सौरऊर्जेच्या काळात अशा साठवणीची गरज आहे, हे मी मानतो. पण धरणाचं पाणी घाटाखाली अंजिवड्याकडं नेण्याला भुदरगड-कागलचे शेतकरी विरोध करत आहेत, आणि त्यांची भीती निपाणीचीही आहे. पहिली भरती कुठल्या पाण्यानं, बाष्पीभवनाची तूट दरवर्षी कुठून भरणार, एप्रिल-मेमध्ये नदीत किती पाणी सुटणार, हे लिहून मिळायला हवं. दूधगंगेवर काळम्मावाडीच्या बाबतीत दोन राज्यांनी करार केला, कर्नाटकाचा वाटा ठरवला. वेदगंगेला तेवढाही मान का मिळू नये?

वेदगंगेवरच्या कुठल्याही नव्या प्रकल्पाची एक सुनावणी निपाणीत घ्यावी, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत, आणि अहवाल महिनाभर आधी नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत ठेवावा. दोन्ही राज्यांच्या सरकारांकडं सीमाभागाचं एवढं मागणं आहे.