साबणाचा पहिला घाणा

मैत्रिणींनो, आपल्या बायकांच्या हाताला अंदाज असतो. चार माणसांच्या भाजीला मीठ किती हे आपण काट्यावर तोलत बसत नाही. साबण हा मात्र असा पदार्थ आहे, की त्यात हा अंदाज अक्षरशः अंगाशी येतो.

गेल्या वर्षी आमच्या बचत गटातल्या दोघी शहरात जाऊन एक दिवसाचं साबण-प्रशिक्षण घेऊन आल्या. फी भरून, बरं का! हातात एक छापील कागद. त्यावर लिहिलेलं, ‘तेल चार वाट्या, कॉस्टिक सोडा एक वाटी.’ तेल कुठलं? वाटी केवढी? काही नाही. त्या दोघींतल्या एक वहिनी चार घरची धुणीभांडी करतात. फीचे पैसे त्यांनी गटातून उचललेले, दिवाळीला साबण विकून फेडायचे म्हणून. त्यामुळे कागद चुलीत घालून विषय संपणार नव्हता. तो घेऊन आम्ही हायस्कूलमध्ये रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईंकडे गेलो. मी आर्ट्‌सची, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण बाईंनी पाच मिनिटांत उलगडून सांगितलं.

तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले, की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. प्रमाण बरोबर असेल तर शेवटी वडीत सोडा उरतच नाही. पण प्रत्येक तेलाची भूक वेगळी. १०० ग्रॅम खोबरेलाला साधारण १८ ग्रॅम सोडा लागतो, शेंगदाणा तेलाला साडेतेरा, एरंडेलाला पावणेतेराच्या आसपास. आम्ही ठरवलं खोबरेल २५० ग्रॅम, शेंगदाणा तेल २०० आणि एरंडेल ५०. हिशेब आला ७८ ग्रॅम. त्यातले पाच टक्के मुद्दाम कमी करायचे, म्हणजे थोडं तेल शिल्लक राहून साबण सौम्य होतो. सोडा ७४ ग्रॅम, पाणी १६५ ग्रॅम.

आता समजा, घरात खोबरेल नाही म्हणून सगळं ५०० ग्रॅम शेंगदाणा तेलच घातलं आणि सोडा तोच ७४ ग्रॅम ठेवला. त्या तेलाला जेमतेम ६८ ग्रॅम पुरतो. उरलेला सहा ग्रॅम सोडा वडीत तसाच राहणार आणि तो लेकराच्या अंगाला लागणार. वाटीच्या मापाचा धोका हा असा आहे. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा नसेल, तर या वाटेला जाऊच नका.

खोबरेलही साधं, शुद्ध हवं. केसांना लावायच्या सुगंधी तेलात बऱ्याचदा खनिज तेल मिसळलेलं असतं, त्याचा साबण होत नाही. आणि कॉस्टिक सोडा म्हणजे खायचा सोडा नव्हे, धुण्याचा सोडाही नव्हे. मोरी साफ करायची पावडर तर मुळीच चालणार नाही.

रविवारी दुपारी, पोरं घराबाहेर असताना, मागच्या अंगणात मांडामांड केली. पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा. भांडी स्टीलची किंवा जाड प्लॅस्टिकची. जर्मनचं पातेलं अजिबात नको. सोडा जर्मनला खातो आणि पेट घेणारा वायू सुटतो. आधी भांड्यात पाणी, मग त्यात थोडा थोडा सोडा. उलटं कधीच नाही, सोड्यावर पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. विस्तव नसताना पाणी चहासारखं कढत होतं, नाकाला झोंबणारी वाफ येते. वाऱ्याच्या दिशेने उभ्या राहू नका. थेंब अंगावर उडालाच तर लिंबू-व्हिनेगर शोधत न बसता पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यात गेला तर तसंच धूत राहा आणि लगेच डॉक्टर गाठा. चुकून कोणी प्यायलं तर उलटी काढायची नाही, सरळ दवाखाना. पाण्याच्या बाटलीत तर हे कधीही भरून ठेवू नका!

पातेल्याला बाहेरून हात लावून तेल आणि सोड्याचं पाणी दोन्ही कोमट वाटली, तेव्हा पाणी तेलात ओतलं. एकीने ताकाची रवी आणली होती, ती परत पाठवली; सोडा लाकूड खातो. स्टीलच्या रवीने आळीपाळीने घोटत राहिलो. पाऊण तास गेला. इथे मात्र आपला हात कामाला आला. वहिनी एकदम म्हणाल्या, “ताई, पिठल्यागत झालं बघा.” रवीतून पडलेली धार वर तशीच उमटून राहत होती. हीच खूण! एकीने त्यात हौसेने चमचाभर हळद घातली आणि सगळा घाणा विटेच्या रंगाचा झाला. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो ना, तसंच.

आइस्क्रीमच्या प्लॅस्टिक डब्यात ओतून, वर जाड टॉवेल. दुसऱ्या दिवशी हातमोजे घालूनच सात वड्या कापल्या. पण लगेच वापरायच्या नाहीत. सावलीत, हवेशीर जागी, सुट्या सुट्या ठेवून चार ते सहा आठवडे वाळू द्यायच्या. त्यातलं जास्तीचं पाणी उडतं, वडी कडक आणि सौम्य होते. पावसाळी हवेत तिला घाम फुटतो, कारण ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं. फडक्याने टिपलं की झालं. अभ्यंगस्नानाला हवा असेल तर अनंत चतुर्दशीला घाणा घाला. नरकचतुर्दशीपर्यंत बरोबर सव्वासहा आठवडे मिळतात.

आमची पहिली वडी थोडी ओबडधोबड, रंगाने वीट, पण फेस छान. विकत घ्यायच्या साबणातलं ग्लिसरीन कारखाने बहुधा वेगळं काढून विकतात. आपल्या वडीत ते राहतं, म्हणून अंग कोरडं पडत नाही. मात्र मुरुम जातात, खरूज बरी होते असं कोणाला सांगू नका. साबण हे औषध नाही.

राहिला विक्रीचा प्रश्न. प्रशिक्षणवाल्यांनी याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. अंगाला लावायचा साबण विकण्यासाठी बनवायचा, तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणि २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांप्रमाणे परवाना लागतो. आपल्याकडे त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे जावं लागतं. घरच्या ओट्यावर करून जत्रेत मांडला, असं चालत नाही. वहिनींचा चेहरा उतरला, साहजिकच होतं. गटाने त्यांच्या फीची फेड सहा महिने पुढे ढकलली. दिवाळीत त्यांनी चकली-भाजणीच्या ऑर्डरी घेतल्या, त्यात निम्मी रक्कम फिटली.

साबणाचा नाद त्यांनी सोडलेला नाही. प्रत्येक घाण्याची तारीख, तेलाचं वजन, सोड्याचं वजन त्या धाकट्या लेकीकडून वहीत लिहवून घेतात. परवान्याला जागा कशी लागते, कागद कुठले, हे विचारायला पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी जिल्ह्याच्या गावी जाणार आहोत.