केबलची तार तुटली. हक्काची तार जोडली का?

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आमच्या वस्त्यांची छपरे बदलली. कौले गेली, पत्रे आले, काही ठिकाणी स्लॅब पडला, शहरात झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहिल्या. छप्पर कोणतेही असो, त्यावर आग्नेयेकडे तोंड करून बसलेली छत्री आज हमखास दिसते. याच छपरांवरून पूर्वी केबलची काळी तार खांबावरून झाडावर, झाडावरून पत्र्यावर लोंबकळत यायची. तार गेली, छत्री आली. लोक म्हणतात, चित्र स्वच्छ झाले, वाहिन्या वाढल्या, केबलवाल्याची कटकट संपली. ते खोटे नाही. परंतु आमचा सवाल वेगळा आहे. केबलवाल्याच्या तावडीतून सुटलेला माणूस आपल्या हक्काचा धनी झाला काय? की एका मालकाच्या ओट्यावरून उठून तो दुसऱ्या मालकाच्या ओट्यावर जाऊन बसला?

हा प्रश्न किरकोळ वाटेल. टीव्ही ही काय चळवळीची बाब आहे, असेही कोणी म्हणेल. पण १४ ऑक्टोबरचा दीक्षाभूमीवरचा सोहळा, ६ डिसेंबरचा चैत्यभूमीवरचा जनसागर घरबसल्या कोणाला दिसतो आणि कोणाला दिसत नाही, हे ज्याच्या हातात बटन आहे तोच ठरवतो. म्हणून बटन कोणाच्या हातात आहे याची चौकशी आपण केलीच पाहिजे.

केबलचा धंदा आपल्याकडे १९९१-९२ च्या सुमारास फोफावला. आखाती युद्धाची दृश्ये, पाठोपाठ स्टार आणि झी यांच्या वाहिन्या आल्या आणि गल्लोगल्ली केबलवाले उभे राहिले. सरकारला जाग आली ती १९९५ साली. त्या वर्षी केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (विनियमन) कायदा झाला, केबलचालकाला मुख्य डाकघरात नोंदणी सक्तीची झाली, दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणे बंधनकारक झाले. कागदावर हे ठीकच होते. प्रत्यक्षात मात्र गावातला केबलवाला म्हणजे बहुधा तिथल्याच एखाद्या वजनदार घराण्यातला पोरगा, नाहीतर नगरसेवकाचा उजवा हात. त्याच्या भागात दुसरा केबलवाला येत नसे. कोणी आलाच तर त्याच्या तारा रात्रीत तुटत. ग्राहकाला निवड कसली? तो देईल ती वाहिनी आणि तो सांगेल तो दर!

वकिलीच्या व्यवसायात अशी प्रकरणे आमच्याकडे येत राहिली. त्यातले एक सांगतो. एका तालुक्याच्या गावी १४ एप्रिलच्या मिरवणुकीच्या मार्गावरून तंटा झाला. तंटा मिटला, मिरवणूकही निघाली. पण दुसऱ्या दिवसापासून बौद्धवाड्यातली केबल बंद! विचारायला गेलेल्या तरुणांना उत्तर मिळाले, लाइन खराब आहे. उरलेल्या गावात मात्र टीव्ही व्यवस्थित सुरू होता. पंधरा दिवस लाइन खराबच राहिली. मंडळी आमच्याकडे आली तेव्हा आम्ही पहिली गोष्ट मागितली ती पावत्या. वीस-बावीस घरे, कित्येक वर्षांचे मासिक पैसे, आणि पावती एकाही घरात नाही! केबलवाल्याने कधी दिली नाही आणि आपल्या माणसांनी कधी मागितली नाही. गावात राहायचे, रोज तोंड दिसायचे, पावती कशी मागायची, हा त्यांचा संकोच. ग्राहक असल्याचा पुरावाच नाही, तर न्यायालयात काय मांडणार?

शेवटी त्या घरांनी एकत्र येऊन छत्र्या बसवल्या. केबलवाल्याने महिनाभराने माणूस पाठवला, लाइन दुरुस्त झाली म्हणून. कोणीही तार परत जोडून घेतली नाही. आमच्या मते हा केवळ करमणुकीचा साधा बदल नव्हता. गावातल्या कोणाच्याही मेहेरबानीवाचून जग पाहता येते, ही जाणीव त्या वाड्याला प्रथमच झाली.

ही छत्रीसुद्धा सहज आलेली नाही हे नव्या पिढीने लक्षात ठेवावे. १९९७ साली सरकारने घराघरात थेट उपग्रहावरून प्रक्षेपण घेण्यावर बंदी घातली होती. ती उठली नोव्हेंबर २००० मध्ये, आणि मार्च २००१ मध्ये परवान्याची नियमावली आली. ऑक्टोबर २००३ मध्ये डिश टीव्ही सुरू झाली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने ३३ वाहिन्यांसह ‘डीडी डायरेक्ट प्लस’ सुरू केली. तीच आजची ‘डीडी फ्री डिश’. २००६ मध्ये टाटा स्काय आली, तिचे नाव आता टाटा प्ले झाले आहे. मग २०११ च्या दुरुस्तीने केबललाही डिजिटल होणे सक्तीचे झाले. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुदत होती, आणि टप्प्याटप्प्याने मार्च २०१७ पर्यंत ती गावोगाव पोहोचली. बॉक्स घ्यावाच लागणार, तर केबलवाल्याचा कशाला, छत्रीचाच घेऊ, असा विचार लाखो घरांनी केला तो याच काळात.

आता दोन्हींचा हिशेब मांडू. छत्रीमुळे काय मिळाले? खांबावरची तार कोणी कापू शकत नाही. बदली झाली, घर बदलले, तरी छत्री आणि बॉक्स सोबत नेता येतो. भरलेल्या पैशाची नोंद मोबाइलवर येते. आणि काय गेले? केबलवाला पगार होईपर्यंत थांबायचा. कंपनी थांबत नाही, रिचार्ज संपला की पडदा काळा. केबलवाल्याचा पोरगा हाक मारली की शिडी घेऊन यायचा. कंपनीचा माणूस येण्याची वाट पाहावी लागते, आणि त्याचे पैसे वेगळे. पावसाळ्यात ढग दाटले, मुसळधार सुरू झाली की लहान छत्रीचा सिग्नल जातो, कारण या सेवेच्या लहरी जोरदार पावसात क्षीण होतात. आग्नेयेला उंच इमारत असेल तर छत्री लागतच नाही. टॉवरच्या सावलीत राहणाऱ्या चाळींनी हे अनुभवले आहे. आणखी एक गोष्ट गेली, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. शहरातल्या केबलवर एक स्थानिक वाहिनी असते. भीमजयंतीची मिरवणूक, विहारातले व्याख्यान, नगरपालिकेची सभा तिच्यावर दिसायची. छत्रीवर देश दिसतो, जग दिसते, पण आपला मोहल्ला दिसत नाही.

आणि मालकी? त्या वाड्याचीच पुढची हकीकत ऐका. वर्ष-दीड वर्षाने एका घरातल्या बाईंच्या लक्षात आले की रिचार्ज महिनाभर पुरेनासा झाला आहे. चौकशी केली तर न विचारता महागडा पॅक चढवलेला! शेजारी म्हणाले, कंपनी सोडून दे. सोडायची कशी? एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीला चालत नाही. बॉक्स कोणत्याही कंपनीच्या सेवेला चालावा अशी शिफारस ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, एप्रिल २०२० मध्ये केली. ग्राहकाच्या घरात मात्र त्याचा उजेड पडलेला नाही. तेव्हा केबलवाल्याने तारेने बांधले होते, कंपनी बॉक्सने बांधते. पण एक मोठा फरक होता. या वेळी बाईंकडे प्रत्येक रिचार्जचा संदेश होता. तक्रार क्रमांक घेतला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली, आणि कापलेले पैसे परत जमा झाले. त्याच वाड्यातले तेच लोक! आधी हरले कारण कागद नव्हता, नंतर जिंकले कारण कागद होता.

कायद्याने ग्राहकाला काय दिले आहे? ट्रायने २०१७ साली दर आदेश काढला. सर्वोच्च न्यायालयाने ट्रायचा तो अधिकार ३० ऑक्टोबर २०१८ रोजी मान्य केला आणि २०१९ पासून वाहिनी निवडण्याचा हक्क ग्राहकाकडे आला. तेव्हा १०० वाहिन्यांसाठी कमाल १३० रुपये अधिक कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, असा पायाभूत आकार ठरला. २०२० मध्ये तेवढ्याच पैशात २०० वाहिन्या झाल्या. जुलै २०२४ मध्ये मात्र ट्रायने ही कमाल मर्यादाच काढून टाकली. आता हा आकार कंपनी आणि केबलचालक स्वतः ठरवतात. म्हणजे दराचे कुंपण गेले. ग्राहकाची जागरूकता एवढेच कुंपण उरले.

वाद झाला तर दाद कुठे? ग्राहकांच्या समूहाला दूरसंचार विवाद न्यायाधिकरणाकडे जाता येते. एकट्या ग्राहकाला जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालणार नाहीत असे कंपन्या म्हणत; सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तो मुद्दा फेटाळला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचे कार्यालय दिल्लीत असो की गुडगावला. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य! एवढे सोपे दार आपल्या लोकांना माहीत नसावे, याची आम्हाला खंत वाटते.

आता आमच्या आवाजाविषयी. नागपूरहून निघालेल्या लॉर्ड बुद्धा टीव्ही आणि आवाज इंडिया टीव्ही या वाहिन्या आपल्या समाजाला ठाऊक आहेत. वाहिनी काढणे एक, ती घरात पोहोचवणे दुसरे. केबल असो वा छत्री, वाहिनी दाखवण्यासाठी ती वाहून नेणारा वाहिनीकडूनच भाडे घेतो. २०१७ च्या नियमांत हे भाडे साध्या वाहिनीसाठी दरमहा दर ग्राहकामागे जास्तीत जास्त २० पैसे होते. वीस पैसे ऐकायला क्षुल्लक, पण दहा लाख ग्राहक म्हटले की महिन्याला दोन लाख रुपये होतात! उद्योगपतीच्या वाहिनीला ते चणे-फुटाणे. लोकवर्गणीच्या ताकदीवर चालणाऱ्याला डोंगर. डीडी फ्री डिशला प्रेक्षकाला महिन्याचे पैसे पडत नाहीत, म्हणून चार कोटींहून अधिक घरांत ती असल्याचा अंदाज दिला जातो. पण तिथेही खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने जातात आणि बोली कोटींत लागते. प्रेक्षकाला फुकट, पण बोलणाऱ्याला महाग, असा हा बाजार आहे.

परंतु त्याच २०१७ च्या नियमांत एक किल्ली होती, ती फार थोड्यांनी पाहिली. वाहिनी घेणाऱ्या ग्राहकांचे प्रमाण वाढत जाईल तसे भाडे कमी होत जाईल, आणि वीस टक्के ग्राहकांनी ती घेतली तर भाडे शून्य, असे सूत्र होते. याचा अर्थ समजून घ्या. रिमोटवर आपली वाहिनी निवडणे हे एक प्रकारचे मतदानच आहे. एका वस्तीने वीस टक्के होत नाहीत हे आम्हालाही कळते. पण मागणीची नोंदच नसेल तर वाहिनीचा माणूस कंपनीपुढे कशाच्या बळावर बसणार? जयभीम म्हणणाऱ्या घरात आपली वाहिनी पॅकमध्येच नाही, आणि तक्रार मात्र अशी की आपल्याला कोणी दाखवत नाही! हे बदलले पाहिजे.

न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे नाव आपल्या वाचकांना परके नाही. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात, त्यांच्या पीठाने निकाल दिला की आकाशातल्या ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिचा वापर लोकहितासाठी व्हावा, आणि माहिती मिळवण्याचा हक्क हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचाच भाग आहे. आकाश सरकारचे नाही, कंपनीचे नाही, केबलवाल्याचे तर मुळीच नाही. ते आपले सर्वांचे आहे. पाणवठ्याच्या हक्कासाठी महाडला गेलेल्या समाजाला सार्वजनिक मालमत्ता या शब्दांचा अर्थ शिकवावा लागत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी अजून तार आहे आणि छत्रीचा विचार चालू आहे, त्यांना आमचे सांगणे आहे. घाई करू नका. आधी छपरावरून आग्नेयेचे आकाश मोकळे दिसते का ते पाहा. बॉक्स विकत मिळतो की भाड्याने, सेवा सोडल्यावर तो कोणाचा, हे लेखी घ्या. आपल्याला हव्या असलेल्या वाहिन्या त्या कंपनीकडे आहेत का, त्यांचा क्रमांक काय, हे पैसे देण्याआधी विचारा. रोजची करमणूक आणि दूरदर्शन एवढेच पुरत असेल तर महिन्याचा खर्च नसलेली फ्री डिश पाहा. वस्तीतल्या दहा-वीस घरांनी मिळून बोलणी केली तर दर आणि दुरुस्ती दोन्हींची शब्दाखातर नव्हे, कागदावर हमी मागता येते. आणि केबलवरच राहायचे असेल तर जरूर राहा, चांगले केबलचालकही आहेत; पण दर महिन्याची पावती मागा. प्रत्येक विहारात एक फाइल ठेवा, तीत वस्तीतल्या तक्रारींचे क्रमांक, पावत्या, उत्तरे जमा करा. कायदा शिकलेला एखादा तरुण प्रत्येक वस्तीत आहे, त्याला कामाला लावा.

गावकीच्या मर्जीतून सुटून कराराच्या जगात येणे ही पुढची पायरी आहे, यात शंका नाही. पण करार वाचणाऱ्याचा असतो. न वाचता अंगठा उठवणाऱ्याला सावकारही लुटतो आणि कंपनीही लुटते. तार तोडलीत, छान केलेत. आता पावती मागायला शिका!