बोटे दहा, वादक साठ

दिवाळी सरली की गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक रंगते. नाटकाच्या साथीला पूर्वी ऑर्गन आणि तबला असे. आता की-बोर्ड आणि ऑक्टोपॅडही आले आहेत. नायिकेच्या डोळ्यांत पाणी आले की हाच की-बोर्ड व्हायोलिनचा ताफा होतो. एका माणसाची दहा बोटे अख्खा वाद्यवृंद कशी वाजवतात?

की-बोर्ड संगणकाला जोडला, की पट्टी फक्त एक निरोप पाठवते : स्वर कोणता आणि तो किती जोरात दाबला. या निरोपांची भाषा म्हणजे १९८३ साली आलेली ‘मिडी’. तीत प्रत्येक स्वराला ० ते १२७ असा क्रमांक असतो. संगणकातले सॉफ्टवेअर क्रमांक वाचते आणि खऱ्या वादकांकडून आधीच ध्वनिमुद्रित करून घेतलेला तो सूर ऐकवते.

अडचण इथूनच सुरू होते. समजा, सोळा व्हायोलिनवादकांनी मिळून वाजवलेला सूर मुद्रित केला आहे. सा, ग, प अशा तीन पट्ट्या एकदम दाबल्या, तर अठ्ठेचाळीस व्हायोलिने वाजू लागतात! आवाज फुगतो, खोटा वाटतो. खऱ्या वाद्यवृंदात वादक वाढत नाहीत. तेच सोळा जण सहा, पाच, पाच असे वाटले जातात. म्हणून चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये लहान तुकड्यांचे सूरही वेगळे मुद्रित केलेले असतात. किती पट्ट्या दाबल्या ते मोजून सॉफ्टवेअर वाटणी करते. सर्वांत वरचा स्वर व्हायोलिनला, मधले व्हायोलाला, खालचा चेलोला. एकच पट्टी दाबली तर सगळे एकाच सुरात.

पण ही वाटणी त्या क्षणापुरती असते. वादक पुढे कुठे जाणार, हे यंत्राला ठाऊक नसते. त्यामुळे चालू असलेली चाल कधी अचानक दुसऱ्याच वाद्याकडे जाते. हे काम पूर्वी माणसे करीत. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस हे गोव्याचे अरेंजर मुंबईच्या चित्रपटसंगीतात प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा लिहीत. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधले गाजलेले नाव याच गोन्साल्विसांचे, ते संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू होते. संपूर्ण गाणे डोक्यात असल्याने कोणी केव्हा थांबायचे, हे त्यांना आधीच माहीत असे.

आपल्या संगीतात आणखी एक पेच आहे. मींड घेण्यासाठी की-बोर्डवर स्वर वाकवणारे चाक असते. त्याचा निरोप मिडीच्या एका वाहिनीवरच्या सर्व स्वरांना लागू होतो. व्हायोलिनची मींड घ्यावी, तर खाली धरलेला षड्जही सोबत घसरतो! उपाय हाच, की चाल एका वाहिनीवर आणि आधारस्वर दुसरीवर ठेवायचा. मिडीच्या एका जोडणीत अशा सोळा वाहिन्या असतात. म्हणजे आपल्याकडे ही वाटणी केवळ आवाज फुगू नये म्हणून नव्हे, तर सूर शुद्ध राहावा म्हणूनही लागते.

तेव्हा असे सॉफ्टवेअर घेऊ पाहणाऱ्या आपल्याकडच्या तरुण वादकांनी आधी चाल आणि आधार वेगळे ओळखायला शिकावे. नाट्यगीताला बहुधा एक चाल आणि एक आधार पुरतो. साठ वादक हाताशी आहेत म्हणून साठही जणांना वाजवायला लावलेच पाहिजे, असे नाही.